अनोळखी माणसाला लहानशी मदत : ओझे न ठेवता कशी करावी

अनोळखी माणसाच्या उपयोगी पडावे असे बहुतेकांना मनापासून वाटते. घोडे अडते ते रीतीपाशी. मदत कितीही लहान असली तरी तिची रीत चुकली, तर घेणाऱ्याच्या मनावर उपकाराचे ओझे राहते आणि करणाऱ्याचे लक्ष आभाराच्या शब्दाकडे लागते. म्हणून कोणाच्याही मदतीला पुढे होण्याआधी, आपण कुठे थांबायचे आणि तिथून कसे निघायचे हे ठरवून ठेवावे. सोलापुरात ज्या ज्या ठिकाणी मला हे शिकायला मिळाले, त्यांच्याच आधाराने पुढील सूचना देत आहे.

सुरुवात सर्वोपचार रुग्णालयापासून करावी, ज्याला शहरात सगळे नुसते ‘सिव्हिल’ म्हणतात. जिल्ह्यातल्या तालुक्यांतून, धाराशिवकडून आणि कर्नाटकातल्या सीमेलगतच्या गावांतूनही तिथे रुग्ण येतात, आणि त्यांच्यासोबत आलेल्या नातेवाइकांतील अनेकांना एवढ्या मोठ्या इमारतीत कोठून सुरुवात करावी हेच उमगत नाही. आठवड्यातून एखादी सकाळ, तासभर, तिथे जावे. हातातली चिठ्ठी पुन्हा पुन्हा उलटून पाहणारा माणूस दिसला की समोरून, थोडे अंतर राखून त्याच्याशी बोलावे. ‘काही मदत करू का?’ असे विचारले तर उत्तर बहुधा ‘नको’ असेच येते, कारण आपण नेमके काय करणार आहोत हे त्याला कळत नाही. त्यापेक्षा ‘मावशी, ही चिठ्ठी वाचून सांगू का?’ असे विचारावे. चिठ्ठी त्यांनी आपणहून दिल्याशिवाय हातात घेऊ नये, आजार विचारू नये आणि औषधाबद्दल स्वतःचे मत तर मुळीच देऊ नये. पैशांना हात लावू नये. औषध आणायचे असेल तर दुकानापर्यंत सोबत जावे आणि पैसे त्यांचे त्यांना मोजू द्यावेत. खर्चाची अडचण दिसली, तर खिशात हात घालण्याआधी त्यांना समाजसेवा अधीक्षकांकडे किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे घेऊन जावे आणि शिधापत्रिका सोबत आहे का ते विचारावे. आपल्या शंभर रुपयांपेक्षा ही ओळख करून देणे कितीतरी अधिक उपयोगाचे ठरते. योग्य रांगेत उभे करून दिले की रांगेतल्या पुढच्या माणसाला ‘यांच्याकडे जरा लक्ष ठेवा’ एवढे सांगून निघावे.

सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या भाषा रोज कानावर पडतात, तरीही मदतीच्या वेळी आपण मराठीतच मोठ्याने बोलत राहतो. आवाज चढवल्याने भाषा कळत नाही. कन्नडमधले ‘नीरु बेका?’ आणि तेलुगूमधले ‘नीळ्ळु कावाला?’ यांचा अर्थ ‘पाणी हवे का?’ असाच आहे. अशी चार-पाच वाक्ये शेजाऱ्यांकडून सहज शिकता येतात. स्त्रीला ‘अक्का’ आणि पुरुषाला ‘अण्णा’ म्हटले की निम्मे अवघडलेपण तिथेच ओसरते. याच शहरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले, तेव्हा त्यांनी रुग्णांची भाषा शिकून घेतली. आपल्याला तर शेजारच्या गल्लीतली भाषा शिकायची आहे.

आता जी गोष्ट मला उशिरा कळली ती सांगतो. एका कन्नडभाषक आजींचा अर्ज मी भरून दिला होता. जाताना त्यांनी फडक्यात बांधलेली कडक भाकरी काढली, अर्धी मोडली, तिच्यावर शेंगाचटणी ठेवली आणि माझ्यापुढे धरली. मी हात जोडून नको म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी ती भाकरी मुकाट्याने पुन्हा बांधून ठेवली. फेड घ्यायचीच नाही अशा हट्टाने मी त्यांना कायमचे देणेकरी करून ठेवले होते. बदल्याची अपेक्षा न धरणे आणि कोणी प्रेमाने पुढे केलेले नाकारणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हापासून मी घास घेतो, तिथेच उभा राहून खातो आणि चांगला झाला आहे असे सांगतो. रिक्षात कोणाला सुटे दहा रुपये कमी पडले म्हणून आपण दिले आणि त्याने पुढे कोठून तरी सुटे करून आणून दिले, तर तेही घ्यावेत. पैसे मात्र एवढ्यापुरतेच; मदतीचा मोबदला म्हणून कोणी नोट पुढे केली तर ती नम्रपणे परत करावी.

उन्हाळ्यात येथे पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा घरासमोर किंवा दुकानासमोर पाणपोई ठेवता येते. रांजण सावलीत, तिवईवर ठेवावा, रोज रिकामा करून आतून घासावा, तोंडावर स्वच्छ फडके बांधावे आणि पाणी काढायला तोटी किंवा लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, म्हणजे पाण्यात कोणाचा हात बुडत नाही. नळाला रोज पाणी न येण्याची सवय या शहराला जुनीच आहे. त्यामुळे पाणपोईसाठी वेगळा साठा ठेवता येत असेल तरच ती सुरू करावी. दुपारी दोन वाजता कोरडा पडलेला रांजण पाहण्यापेक्षा तो नसलेला बरा. त्यावर आपले नाव रंगवू नये.

कोजागिरी पौर्णिमेला सोलापुरातून तुळजापूरला पायी निघणाऱ्यांची सेवा हा तर शहराच्या अंगवळणी पडलेला प्रसंग आहे. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. शहरातून बाहेर पडेपर्यंत चहा, केळी, खिचडी यांची रेलचेल असते. माझ्या अनुभवात खरी गरज पुढे, पहाटेच्या सुमारास, पाय बोलू लागतात तेव्हा असते. म्हणून थोडे पुढे जाऊन, रस्त्यापासून आत, वाहनांना दिसेल अशा उजेडात थांबावे. पाणी, तळव्यांसाठी तेल आणि बसायला सतरंजी पुरते. पेले आणि साली उचलण्यासाठी पोते सोबत न्यावे, आणि पोते भरून परत आणल्यावरच सेवा झाली असे समजावे.

रस्त्यावर अपघात झालेला दिसला, तर भीतीने पुढे जाऊ नये. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने, सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे, मान हलवू नये, तोंडात पाणी घालू नये आणि गर्दीला मागे सारावे. फोनचा उपयोग फक्त बोलण्यासाठी करावा. कोणाच्याही वेदनेचे छायाचित्र काढू नये. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास सरकारी पारितोषिक मिळू शकते, पण त्याचा विचार त्या क्षणी मनात नसावा.

घेणारा कोण हे कधीच कळत नाही अशी मदत हवी असेल, तर रक्तदान करावे. पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून देशात बंदी आहे, म्हणजे येथे मोबदल्याचा प्रश्न कायद्यानेच मिटवला आहे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. जयंत्यांच्या शिबिरांत रांगा लागतात, तर मे महिन्यात महाविद्यालये बंद झाली की रक्तपेढ्यांत तुटवडा जाणवतो. त्यामुळे शिबिराची वाट न पाहता मे महिन्यातला एक दिवस दिनदर्शिकेवर आताच खूण करून ठेवावा. त्या दिवशी सकाळी नीट जेवून, भरपूर पाणी पिऊन, ऊन चढण्यापूर्वी रक्तपेढीत जावे आणि परतताना दुचाकी दुसऱ्या कोणाला चालवू द्यावी.