सबव्हर्जनमधून प्रोजेक्ट कायमचा काढताना कुठे अडतं

सबव्हर्जन म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल सर्व्हरवर जपून ठेवणारी प्रणाली. तिच्यात प्रोजेक्ट डिलीट करून कमिट केला (बदल सर्व्हरवर नोंदवला) तरी सर्व्हरवरची जागा मोकळी होत नाही, आणि जुन्या रिव्हिजनचा (नोंदलेल्या आवृत्तीचा) नंबर देऊन कोणीही तो पुन्हा चेकआउट करू (आपल्या मशीनवर उतरवू) शकतो. हा बिघाड नाही. सबव्हर्जनमध्ये डिलीट हीसुद्धा एक नवी रिव्हिजनच असते. आधीच्या रिव्हिजनच्या फाइल्स 'डीबी' फोल्डरातल्या 'रेव्ज'मध्ये तशाच पडून राहतात. त्या फाइल्स हाताने कधीही उडवू नका. पुढच्या रिव्हिजन बऱ्याचदा मागच्यांपासूनचा फरक तेवढाच साठवतात, त्यामुळे एक फाइल गेली की भलत्याच प्रोजेक्टचं चेकआउट बंद पडतं. कायमचं पुसणाऱ्या 'ऑब्लिटरेट' कमांडची मागणी इश्यू ५१६ म्हणून फार जुनी आहे, पण आजही नेहमीचा मार्ग हाच: डंप (रिपॉझिटरीचा, म्हणजे सर्व्हरवरच्या साठ्याचा, पूर्ण इतिहास) काढायचा, नको तो प्रोजेक्ट गाळायचा आणि उरलेलं नव्या रिपॉझिटरीत भरायचं.

पासवर्ड किंवा गुप्त की (key) चुकून कमिट झाली म्हणून हा खटाटोप करत असाल, तर आधी तो पासवर्ड बदला. प्रत्येकाच्या वर्किंग कॉपीत (मशीनवर उतरवलेल्या प्रतीत) आणि बॅकअपमध्ये तो पोहोचलेला असतो, तिथवर गाळणी पोहोचत नाही.

सुरुवातीला कमिट थांबवा: 'स्टार्ट-कमिट' हुकमध्ये (कमिट सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) 'एक्झिट १' लिहिलं की पुरे. मग 'एसव्हीएनअ‍ॅडमिन हॉटकॉपी'ने प्रत घ्या आणि 'एसव्हीएनअ‍ॅडमिन व्हेरिफाय' (तपासणी) चालवा. रिपॉझिटरीत आधीपासून खराबी असेल तर डंप मध्येच तुटतो. ते आत्ताच कळलेलं बरं.

आता खरं काम, म्हणजे प्रोजेक्टचे सगळे पत्ते (पाथ) शोधणं. 'पगार' नावाचा प्रोजेक्ट काढायचा आहे असं धरू. तो ट्रंकमध्ये (मुख्य शाखेत) आहे तसाच ब्रँचेस (फांद्या) आणि टॅग्जमध्येही (नाव दिलेल्या प्रतींत) असेल, शिवाय पूर्वी दुसऱ्या नावाने असू शकतो. मुळापासून तपशीलवार लॉग (कमिटची यादी) काढा आणि 'फ्रॉम' असलेल्या ओळी वेगळ्या करा. 'ए /ट्रंक/हजेरी/कर.सी (फ्रॉम /ट्रंक/पगार/कर.सी:४१२)' अशी एखादी ओळ सापडली, तर हजेरीतली फाइल पगारमधून कॉपी झाली आहे, आणि बहुतेक गाळणी नेमकी इथेच अडते. डंपमधून पत्ते गाळणारं 'एसव्हीएनडंपफिल्टर एक्स्क्लूड' वापरलं तर 'इनव्हॅलिड कॉपी सोर्स पाथ' असा एरर देऊन काम थांबतं. कारण डंपमध्ये कॉपीची नोंद 'तिथून घ्या' एवढीच असते, आणि ते 'तिथून' तर आपण गाळून टाकलं.

सबव्हर्जन १.१० किंवा पुढची आवृत्ती असेल तर डंपफिल्टरच्या वाटेला जाऊच नका. 'एसव्हीएनअ‍ॅडमिन डंप'लाच 'एक्स्क्लूड' पर्याय द्या, पत्ता मुळाच्या तिरक्या रेघेपासून पूर्ण लिहा आणि प्रत्येक पत्त्यासाठी पर्याय पुन्हा द्या. इथे गाळलेल्या जागेवरून झालेली कॉपी साधी 'अ‍ॅड' बनते, मजकूर पूर्ण येतो आणि हजेरी शाबूत राहते. पण मग पगारमधली ती एक फाइल हजेरीत उरते. ती गोपनीय असेल तर तिचाही पत्ता गाळा. जुन्या आवृत्तीत अडकला असाल, तर आधी सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर अपग्रेड करणं हेच शहाणपणाचं.

डंपमध्ये साधारणपणे पूर्ण मजकूर असतो, म्हणून तो रिपॉझिटरीच्या कित्येक पट मोठा होऊ शकतो. जागा कमी असेल तर पाइप लावून (मधे फाइल न बनवता) थेट 'एसव्हीएनअ‍ॅडमिन लोड'कडे पाठवा. विंडोजवर पॉवरशेलच्या बाणाने (>) फाइलमध्ये वळवू नका. एन्कोडिंग बदलून डंप बाद होऊ शकतो आणि लोड करताना हेडरच चुकीचा असल्याचा एरर येतो. १.१० पासून 'फाइल' पर्याय आहे, तो वापरा.

डंपफिल्टरच वापरावा लागला, तर रिकाम्या झालेल्या रिव्हिजन वगळून नंबर नव्याने लावण्याचा मोह टाळा. बग ट्रॅकरमधले आणि कमिट संदेशांमधले 'आर ४१२' (रिव्हिजन ४१२) असे सगळे उल्लेख भलतीकडे बोट दाखवू लागतात. त्यातून नंबर बदलावेच लागले तर लोड झाल्यावर 'एसव्हीएनअ‍ॅडमिन सेटयूयूआयडी' चालवा. डंपसोबत जुना यूयूआयडी (रिपॉझिटरीची ओळखखूण) नव्या रिपॉझिटरीत येतो. जुनी वर्किंग कॉपी तिला आपलीच समजते आणि अपडेट करताना गोंधळ घालते. नंबर तेच ठेवले असले तरी सर्वांना नवं चेकआउट करायला सांगा.

लोड संपल्यावर पुन्हा व्हेरिफाय, मग एखाद्या जुन्या रिव्हिजनवर पगारची यादी मागून पाहा. पत्ता सापडत नाही असं उत्तर यायला हवं. लॉगही चाळा. एकाच कमिटमध्ये पगार आणि हजेरी दोन्ही बदलले असतील तर तो संदेश शब्दशः उरतो. 'एसव्हीएनअ‍ॅडमिन सेटलॉग' 'बायपास-हुक्स'सह चालवून तो बदला.

हुक्स आणि 'कॉन्फ'मधल्या परवानग्या डंपमध्ये येत नाहीत, लॉकही नाहीत. हुक्स आणि परवानग्या हाताने कॉपी करा. मात्र 'स्टार्ट-कमिट'मधला तो 'एक्झिट १' काढायला विसरू नका. 'एसव्हीएनसिंक'चा आरसा (दुसरीकडे जुळती ठेवलेली प्रत) असेल तर तो पाडून नव्याने उभारावा लागतो. नवी रिपॉझिटरी काही दिवस नीट चालली की जुनी रिपॉझिटरी, हॉटकॉपी, तात्पुरत्या डंप फाइल्स आणि बॅकअप सर्व्हरवरच्या जुन्या प्रती पुसा. प्रोजेक्ट खऱ्या अर्थाने जातो तो त्यानंतर.