डी सिका बघायचाय? मग त्याच्यातल्या नटापासून सुरुवात करा

व्हित्तोरिओ डी सिका म्हटलं की आपल्याकडे बहुतेक जण 'बायसिकल थीव्स' लावतात, शेवटी डोळे पुसतात आणि तिथेच थांबतात. प्लीज थांबू नका. आणि खरं सांगायचं तर सुरुवातही तिथून करू नका, कारण हा माणूस डायरेक्टर व्हायच्या आधी इटलीतला मोठा हिरो होता आणि ते माहीत नसेल तर त्याच्या सिनेमातली अर्धी गंमत हातातून निसटते.

जन्म 1901 चा, सोरा गावचा, लहानपण नेपल्समध्ये गेलं. आधी नाटकात कामं केली, मग 1932 मध्ये मारिओ कामेरिनीच्या एका कॉमेडीत मिलानमधला ड्रायव्हर झाला, त्यातलं 'पार्लामी दामोरे मारियू' हे गाणं तुफान गाजलं आणि साहेब स्टार झाले. ते गाणं यूट्यूबवर शोधून आधी ऐका. मऊ आवाज, देखणा चेहरा, आणि हाच माणूस 16 वर्षांनी रोमच्या रस्त्यावर बेकार माणसाची गोष्ट सांगणार आहे!

आता 'बायसिकल थीव्स' (1948) लावा, बेकार बाप आणि त्याचा पोरगा चोरीला गेलेली सायकल शोधत फिरतात तो. सबटायटल्सवालीच कॉपी घ्या, इंग्लिश डबिंगच्या वाटेला जाऊ नका. ओठ आणि आवाज थोडे पुढेमागे वाटले तर सेटिंग्जशी खेळत बसू नका, त्या काळी इटलीत आवाज नंतर भरायचे. बापाचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा फॅक्टरीतला कामगार, आधी कधी ॲक्टिंग केलेली नाही. हॉलिवूडचा प्रोड्युसर सेल्झनिक पैसे द्यायला तयार होता पण त्याला त्या जागी स्टार कॅरी ग्रँट हवा होता, डी सिका नाही म्हणाला. डी सिका अशा नवख्या लोकांना प्रत्येक सीन स्वतः करून दाखवायचा, म्हणून माझं म्हणणं एवढंच की त्याचे सिनेमे बघताना डायलॉगपेक्षा लोकांचे हात बघा. हॉटेलात पोरगा चीज भरलेला तळलेला पाव खातो, चीज ताणलं जातं, शेजारच्या टेबलावरचा श्रीमंत पोरगा वळून वळून बघतो, आणि आपल्याला या दोन पोरांमधलं अंतर न सांगता कळतं. तसंच सुरुवातीला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते तो सीन. चादरींचं गाठोडं घेऊन गहाणाच्या दुकानातला माणूस फळ्यांवरून वर चढत जातो आणि वरपर्यंत नुसती दुसऱ्यांची गाठोडी रचलेली दिसतात. तिथे पॉज करून एकदा नीट बघाच.

हा सिनेमा 1952 च्या मुंबईतल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हलला दाखवला गेला होता आणि बिमल रॉयना 'दो बीघा जमीन' सुचला त्यामागे त्याचा मोठा वाटा आहे, त्यामुळे जमलं तर दोन्ही पाठोपाठच्या दिवशी बघा. एकाच रात्री नको, जीव जड होतो.

मग 'शूशाइन' (1946), बूटपॉलिशवाल्या पोरांचा, आणि त्यानंतर 'उंबेर्तो डी' (1952). माझ्या मते हा त्याचा सगळ्यात मोठा सिनेमा, 'बायसिकल थीव्स'पेक्षाही. लेखक 'बायसिकल थीव्स'चाच, चेझारे झावात्तिनी. पेन्शनमध्ये न भागणारा एक म्हातारा, त्याचं कुत्रं आणि घरमालकिणीकडे काम करणारी पोरगी, बस. म्हाताऱ्याचं काम केलंय ते भाषाशास्त्राच्या खऱ्या प्रोफेसरने. इथे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण मधे ती पोरगी सकाळी उठते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते, कॉफी दळत बसते आणि बसल्याबसल्या पाय लांब करून पायाच्या बोटांनी दार लोटते, एवढंच चालू असतं आणि घाईत बघाल तर काहीच घडलं नाही असं वाटेल. पुढे म्हातारा भीक मागायला हात पुढे करतो आणि कुणीतरी पैसे देणार तेवढ्यात तोच हात उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का ते बघतोय. हे फक्त नटालाच सुचू शकतं! सिनेमाने धंदा केला नाही, वर सरकारमध्ये सिनेमाचं खातं सांभाळणारे आंद्रेओत्ती जाहीर नाराज झाले, की देशाची वाईट बाजू जगाला कशाला दाखवता.

त्यानंतरचे सगळे बघायची गरज नाही. जुगाराचा नाद आणि दोन दोन संसार, त्यामुळे पैशासाठी बरीच कामं घेतली आणि ते पडद्यावर दिसतं. पण 'टू वुमेन' (1960) सोडू नका, सोफिया लॉरेनला त्यासाठी ऑस्कर मिळालं, आणि इंग्लिश नसलेल्या सिनेमातल्या ॲक्टिंगला मिळालेलं ते पहिलंच. हसायचं असेल तर 'यस्टरडे, टुडे अँड टुमॉरो' (1963), तिचा आणि इटालियन हिरो मास्त्रोयान्नीचा, तीन गोष्टींचा. यातली पहिली गोष्ट नेपल्सची आहे, आणि तिथे डी सिका एकदम घरी आल्यासारखा वाटतो.

शेवटी ठेवा 'गार्डन ऑफ द फिन्झी-कॉन्टिनीज' (1970). लावायच्या आधी इटलीतल्या 1938 च्या ज्यूविरोधी कायद्यांबद्दल दहा मिनिटं वाचून घ्या, नाहीतर सुरुवातीला फेर्रारा शहरातल्या त्या बागेत पांढऱ्या कपड्यातली पोरं एवढा वेळ टेनिस का खेळतायत ते कळणार नाही. गावच्या टेनिस क्लबने ज्यूंना बाहेर काढलंय, म्हणून ती तिथे खेळतायत.