प्रिंटर रिफिलिंगचं काम सुरू करायचंय? माझा डोंबिवलीतला अनुभव

घरोघरी जाऊन प्रिंटरची इंक आणि टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची पावडर, भरून द्यायचं काम मी सहा वर्षं करतोय. नवीन मुलं विचारतात शिकायला किती दिवस लागतात, तर भरायला शिकायला एक दुपार पुरते पण कुठलं कार्ट्रिज भरायला घ्यायचंच नाही हे कळायला मला वर्ष गेलं.

सुरुवात टोनरने करा. एचपीच्या 1020 आणि एम 1005 प्रिंटरला 12ए नंबरचं कार्ट्रिज लागतं, कॅननच्या 2900 ला 303 नंबरचं, आतून दोन्ही जवळपास सारखीच, त्यामुळे एकावर हात बसला की वकील, सीए, क्लासवाले सगळ्यांचं काम घेता येतं. साधारण 100 ग्रॅम पावडर बसते, पण आधी वेस्ट पावडरचा कप्पा रिकामा करायचाच, नाहीतर थोड्याच दिवसांत पानावर काळं सांडायला लागतं. ड्रम, म्हणजे कार्ट्रिजमधला पानावर पावडर उमटवणारा रूळ, उजेडात उघडा ठेवायचा नाही, मी काळ्या कापडात गुंडाळतो, आणि तोंडाला मास्क हवाच. पानावर दर साडेसात सेंटीमीटरला तोच ठिपका येत असेल तर ड्रम गेलाय, तिथे नुसती पावडर भरून पैसे घेऊ नका.

पावडर मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरनं आणतो, आणि एकदा चांगली मिळाली की तीच घेतो, दोन प्रकारच्या पावडरी मिसळल्या की पान राखाडी येऊ शकतं.

इंकचं काम नाजूक आहे. एकदा दहावीतल्या मुलीचं प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, मी घाईत कलर कार्ट्रिजमध्ये सिरिंज जोरात दाबली, पिवळा निळ्यात गेला आणि प्रिंटमध्ये आकाश हिरवं आलं. रात्री अकराला माझ्या घरच्या प्रिंटरवर सगळी पानं काढून नेऊन दिली, एक रुपया घेतला नाही. तेव्हापासून आधी टूथपिक घालून कुठल्या भोकात कुठला रंग ते बघतो, मग प्रत्येक कप्प्यात 2-3 मिली, अगदी सावकाश. नंतर टिश्यूवर टेकवलं की तीन वेगळे पट्टे उमटले पाहिजेत. एखादा नाही आला तर नोझल, म्हणजे इंक बाहेर येते ती बारीक भोकं, मिनिटभर कोमट पाण्यात धरा, तरी नाही आला तर सरळ सांगा की हे संपलं, नवीन घ्या. आणि हो, भरल्यावरही बऱ्याच प्रिंटरवर इंक संपली असंच दिसत राहतं, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा, नाहीतर रात्री फोन येतो.

आता इंक टँकवाले प्रिंटर आलेत, एप्सनची 003 ची 65 मिलीची बाटली लोक स्वतःच ओततात, त्यामुळे इंक भरायचं काम कमी झालं हे खरं. पण मे महिन्यात गावाला जाऊन आले की नोझल जाम झालेले असतात, वेस्ट इंकचं पॅड (सफाईत वाया गेलेली इंक शोषणारा स्पंज) भरून लाईट ब्लिंक होत असतात, ती कामं जूनमध्ये ॲडमिशनच्या गडबडीत धडाधड येतात, तेव्हा पॅड आणि क्लीनिंगचं लिक्विड मेमध्येच भरून ठेवा. आणि प्रत्येक कार्ट्रिजवर मार्करने तारीख आणि कितवं रिफिल ते लिहा, पुढच्या वेळी तेच बघून ठरवता येतं.