माझगावची नीलगिरी १:१०० मध्ये: फ्रिगेटचा हल हाताने घडवताना

जहाजाच्या मॉडेलच्या हलमधली, म्हणजे डेकखालच्या मुख्य अंगातली, खोट रंग चढल्यावर दिसते, पण ती झालेली असते फ्रेम, म्हणजे हलच्या आडव्या बरगड्या, कापताना. म्हणून इथे निम्मी जागा ड्रॉइंग आणि फ्रेमना दिली आहे, फ्रेमवर चढणाऱ्या पट्ट्या आणि पॉलिश पेपरचं काम त्यानंतर.

नमुना म्हणून आयएनएस नीलगिरी घेतली आहे. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही ब्रिटिश लिअँडर वर्गाच्या डिझाइनची फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) २३ ऑक्टोबर १९६८ ला पाण्यात उतरली आणि ३ जून १९७२ ला नौदलात दाखल झाली. हलच्या दृष्टीनेही ती शिकायला उत्तम आहे. नाळ (पुढचं टोक) धारदार, पुढचे आडवे छेद व्ही आकाराचे, मध्य भरलेला आणि मागे सपाट कापलेली पिछाडी. एकदा हा हल जमला की बहुतेक फ्रिगेट आणि डिस्ट्रॉयर जमतात.

ड्रॉइंग शोधताना तीन ठिकाणी फसगत होते. नीलगिरी नावाची दुसरी फ्रिगेट १५ जानेवारी २०२५ ला नौदलात आली. ती १४९ मीटरची, वेगळ्याच डिझाइनची आहे. तिचे फोटो आणि आकडे जुन्या नीलगिरीच्या माहितीत हमखास मिसळतात. दुसरी गोष्ट, याच वर्गातल्या शेवटच्या दोघी, तारागिरी आणि विंध्यगिरी, मागच्या बाजूने बदललेल्या होत्या. त्यांच्या हेलिकॉप्टर डेकखाली हल बाजूंनी उघडा आहे, त्यामुळे त्यांचे पिछाडीचे फोटो इथे चालत नाहीत. तिसरी चूक सगळ्यात महाग पडते. ब्रिटिश नौदलाच्या सुरुवातीच्या लिअँडर ४१ फूट रुंद होत्या, नंतरच्या दहा ४३ फूट, आणि नीलगिरी या रुंद डिझाइनवर आधारलेली आहे. दोन फुटांचा फरक १:१०० मध्ये ६ मिमी होतो. ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ब्रिटिश युद्धनौकांच्या ड्रॉइंगचा मोठा संग्रह आहे. तिथून किंवा इतर कुठून लाइन्स प्लॅन (हलचा आकार दाखवणारं ड्रॉइंग) मागवताना रुंद लिअँडरचाच मागा. ४१ फुटांचाच हाती लागला तर फ्रेमची फक्त रुंदी १०४.९ टक्के करा आणि उंचीला हात लावू नका. हल तंतोतंत येणार नाही, पण डोळ्याला खटकणारही नाही.

मापं अशी. एकूण लांबी ३७२ फूट म्हणजे मॉडेलवर ११३४ मिमी, वॉटरलाइनवर (पाण्याच्या पातळीवर) ३६० फूट म्हणजे १०९७ मिमी, रुंदी १३१ मिमी, आणि पाण्याखालचा हल साधारण ४५ मिमी. घरात सव्वा मीटरची फळी ठेवायला जागा नसेल तर १:२०० घ्या. मात्र मग ५६७ मिमीच्या हलला लाकडी पट्ट्यांपेक्षा प्लॅस्टिक शीट बरी पडते आणि खाली दिलेल्या जाड्या लागू होत नाहीत.

ड्रॉइंग मापावर आणणं

इंग्लिश ड्रॉइंग बहुधा फुटाला १/८ इंच (१:९६) किंवा १/१६ इंच (१:१९२) असतं. १:१०० साठी पहिलं ९६ टक्के, दुसरं १९२ टक्के काढायचं. झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर मात्र विसंबू नका. रोलवर कागद ज्या दिशेने सरकतो त्या दिशेला माप थोडं लांबतं किंवा आखडतं. ड्रॉइंगवर आधीच १०० मिमीची एक उभी आणि एक आडवी रेघ मारून ठेवा आणि कॉपीवर दोन्ही मोजा. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक आला तर कॉपी परत काढा.

३६० फुटांचे २० समान भाग केले की २१ स्टेशनं, म्हणजे फ्रेमच्या जागा, मिळतात, दोन स्टेशनांमधलं अंतर ५४.९ मिमी. ही अंतरं एकामागून एक मोजत जाऊ नका, एका टोकाला शून्य धरून सगळ्या खुणा एकाच मोजपट्टीवरून करा. दहावं स्टेशन ५४८.६ ला, विसावं १०९७.३ ला. प्रत्येक वेळी उचलून ठेवलेली मोजपट्टी शेवटी एक-दोन मिमी खाऊन जाते. नाळेकडे आणि पिछाडीकडे आकार भरभर बदलतो, म्हणून तिथे दोन-दोन अर्धी स्टेशनं वाढवा. एकूण २५ फ्रेम होतील. अर्ध्या स्टेशनांचे छेद ड्रॉइंगमध्ये नसतात, ते वॉटरलाइनच्या आराखड्यावरून रुंदी मोजून काढावे लागतात. याच वेळी ड्रॉइंगची परीक्षाही होते. छेदातली रुंदी आणि आराखड्यातली रुंदी जुळत नसेल तर लवचीक पट्टी ठेवून जी रेघ सलग वाहते ती खरी धरा.

फ्रेम

४ मिमी मरीन प्लाय घ्या. एमडीएफ लेझरवर छान कापलं जातं, पण पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि ती फूग पट्टीतून वर दिसते. कण्यासाठी, म्हणजे नाळेपासून पिछाडीपर्यंत मधोमध जाणाऱ्या उभ्या फळीसाठी, ६ मिमी प्लाय.

छेदाच्या रेषेतून पट्टीची जाडी वजा करायची असते. पट्टी ३ मिमी बाल्साची (अतिशय हलक्या, मऊ लाकडाची) आहे. घासताना त्यातली थोडी जाते आणि ग्लास-इपॉक्सीचा थर ती जवळपास भरून काढतो, म्हणून सरळ ३ मिमी वजा करा. वजाबाकी कडेला काटकोनात मोजायची. तळाशी, जिथे हल आडवा होतो, तिथे आडव्या दिशेने ३ मिमी कमी करून काहीच साधत नाही. तिथे फ्रेम वर सरकली पाहिजे. कंपासमध्ये ३ मिमी धरून रेषेवर जवळजवळ छोट्या कमानी काढा आणि त्यांना स्पर्श करणारी आतली रेघ ओढा.

ड्रॉइंगमध्ये छेद अर्धाच असतो. कागद मधोमध दुमडून एकदाच कापा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. तो प्लायवर रबर सोल्युशनने चिकटवा. फेविकॉलच्या पाण्याने कागद फुगतो आणि काळजीने काढलेलं माप तिथेच बिघडतं.

हल उलटा बांधायचा आहे, आणि डेकची कड सरळ नसून नाळेकडे वर चढते. म्हणून प्रत्येक फ्रेमला डेकच्या पलीकडे दोन पाय ठेवा, १५ मिमी रुंद, कडेपासून १० मिमी आत. सगळे पाय एकाच पातळीवर संपले पाहिजेत, कण्याच्या तळरेषेपासून १६० मिमीवर. पाय जिथे डेकला मिळतात तिथे डेकच्या रेषेवर अर्ध्या जाडीपर्यंत करवतीची खाच आताच मारून ठेवा. शेवटी पाय तोडताना हीच खाच उपयोगी पडते. कणा आणि फ्रेम यांच्या खाचा अर्ध्या-अर्ध्या, अंगठ्याच्या दाबाने बसतील इतक्या घट्ट. हातोडी लागली तर कणा वाकतो, सैल राहिल्या तर फ्रेम तिरक्या चिकटतात.

फ्रेम खुणेच्या कुठल्या बाजूला?

प्लाय ४ मिमी जाड आहे आणि स्टेशनची रेघ जाडीशिवायची. पुढच्या अर्ध्या भागात फ्रेमचा मधल्या फ्रेमकडचा चेहरा रेघेवर ठेवा, म्हणजे फ्रेमची जाडी नाळेकडे जाईल. मागच्या अर्ध्या भागात उलट, जाडी पिछाडीकडे. अशा बसवल्या की टोकाकडची कड जादा राहते आणि ती उताराने घासून काढता येते. उलट बसवल्या तर तिथे लाकूडच कमी पडतं आणि पुटीशिवाय उपाय उरत नाही. लागोपाठच्या दोन स्टेशनांत अर्ध्या रुंदीचा फरक १२ मिमी असेल तर ४ मिमी जाडीत उतार साधारण ०.९ मिमीचा येतो. नाळेजवळच्या फ्रेमवर हा उतार डोळ्याला स्पष्ट दिसतो, मधल्या पाच-सहा फ्रेमवर जवळपास नसतोच.

ज्यावर हल उलटा बांधायचा त्या पाटासाठी १८ मिमी प्लाय, १३०० × २०० मिमी, खाली दोन उभ्या पट्ट्या मारून. त्यावर मध्यरेघ आणि स्टेशनं आखा. प्रत्येक फ्रेम गुण्या लावून काटकोनात उभी करा आणि मध्यरेघेवर दोरा ताणून तपासा. सगळं कोरडंच बसवून बघा, पसंत पडलं की मगच फेविकॉल. पूर्ण एक दिवस वाळू द्या.

मग ३ × ५ मिमीची लवचीक पट्टी नाळेपासून पिछाडीपर्यंत फ्रेमवर टेकवा. डेकजवळ, वॉटरलाइनवर, तळाच्या वळणावर आणि कण्यालगत. ती प्रत्येक फ्रेमला पूर्ण जाडीभर टेकली पाहिजे. एखाद्या फ्रेमवर उचलली जात असेल तर ती फ्रेम घासा. खाली फट राहत असेल तर तिथे १ मिमी पट्टी चिकटवून परत घासा. घासायला ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा ३०० मिमी तुकडा घ्या, त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर, आणि एका वेळी निदान तीन फ्रेमवर फिरवा. या कामाला दोन-तीन संध्याकाळ खुशाल द्या. इथला अर्धा मिमी नंतर पुटीने झाकला जात नाही.

पट्ट्या मारण्याआधी आतले ठोकळे बसवा. पंख्यांचे दोन शाफ्ट (दांडे) जिथून बाहेर येतात तिथे आणि दोन सुकाणूंच्या जागी सागाचे तुकडे, नाळेकडच्या फ्रेममधल्या पहिल्या दोन गाळ्यांत बाल्साचे ठोकळे. शाफ्टच्या जागी नुसता बाल्सा ठेवला तर ड्रिल भरकटतं. पिछाडीची सपाट फळी ३ मिमी प्लायची. नाळेची धार बाल्सात टिकत नाही, पहिल्या धक्क्याला चेपते. ती सागाच्या पट्टीत घडवा.

पट्ट्या

३ मिमी बाल्साच्या शीटमधून ८ मिमी रुंद पट्ट्या स्टीलच्या पट्टीवर कटरने काढा. मध्यावर एका बाजूचा घेर साधारण १२८ मिमी येतो, म्हणजे बाजूला १६ पट्ट्या. दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ३७ मीटर लागतात. १०० मिमी रुंद, ९०० मिमी लांब अशा चार शीटमध्ये काम होतं, पण सहा आणा. बाल्साची शीट हातात घेऊन तपासा. काही मऊ असतात, काही कडक. एकाच हलवर दोन्ही जाती मिसळल्या तर घासताना मऊ पट्टी खाली जाते आणि कडक वर राहते.

प्रत्येक फ्रेमवर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा आणि १६ ने भागा. नाळेजवळ घेर ८८ मिमी असेल तर तिथे पट्टी ५.५ मिमी रुंद हवी. तितकी निमुळती करूनच ती लावा. रुंदी ४ मिमीच्या खाली जाऊ लागली तर तिथे एक पट्टी आधीच्या फ्रेमवर संपवून टाका. पहिली पट्टी डेकच्या कडेला, आणि तिथून कण्याकडे. डावीकडे एक लावली की उजवीकडे एक. एका बाजूच्या चार-पाच सलग लावल्या तर सांगाडा त्या बाजूला ओढला जातो, आणि पाटावरून काढल्यावर तो पीळ कायम राहतो. हल १ मीटरपेक्षा लांब असल्याने पट्टीला जोड येणारच. जोड फ्रेमवर घ्या आणि शेजारच्या पट्ट्यांचे जोड वेगवेगळ्या फ्रेमवर पाडा.

गोंद फेविकॉल मरीन, फ्रेमवर आणि पट्टीच्या कडेलाही. धरून ठेवायला टाचण्या. फेविक्विकने काम झटपट होतं, पण सांध्यात त्याची रेघ काचेसारखी कडक बनते. दोन्ही बाजूंचा बाल्सा घासला जातो, ती रेघ उभी राहते आणि प्रायमरखाली प्रत्येक सांधा मोजता येतो. फ्रेमवर एखादा थेंब चालेल, सांध्यात अजिबात नको.

कातडी

आधी १२०, मग १८० नंबरने तिरप्या दिशेने घासा. फ्रेमच्या मधे दाबून घासलं तर पट्टी खाली झुकते, हात उचलला की वर येते आणि फ्रेमवर खड्डे दिसतात. म्हणून हात हलका ठेवा, पेपर वरचेवर बदला. टॉर्च हलला जवळजवळ समांतर धरून बघा, साध्या उजेडात दिसत नाहीत ते उंचवटे आणि खड्डे लगेच दिसतात.

त्यावर ५० ग्रॅमचं (चौरस मीटरचं वजन) काचेचं कापड आणि इपॉक्सी. बाजारात सहज मिळणारं २०० ग्रॅमचं कापड इथे जाड पडतं, त्याची वीण भरता भरता नाळेची धार बोथट होते. तीन हातांना मिळून १५० ग्रॅम इपॉक्सी पुरते. एका वेळी ३० ग्रॅमच कालवा. एप्रिल-मे महिन्यात भरलेली वाटी बघता बघता तापून दगड होते. प्लॅस्टिक कार्डच्या कडेने जादा इपॉक्सी निपटून काढा, कापड चमकदार नाही तर किंचित मंद दिसलं पाहिजे. दमट दिवसांत वाळलेल्या इपॉक्सीवर तेलकट थर येतो. घासण्याआधी तो पाण्याने धुवा, नाहीतर प्रायमर माशाच्या डोळ्यांसारखे गोल सोडून पसरतो. घासताना हातमोजे आणि मास्क लावाच. काचेची धूळ घशाला आणि त्वचेला त्रास देते.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुटी फक्त ओरखड्यांसाठी ठेवा. जाड भरली तर ती महिनाभर आखडत राहते आणि फ्रेमच्या बरगड्या रंगातून वर येतात. खऱ्या नौकेच्या पत्र्यावरही अशा बरगड्या दिसतात हे खरं, पण १:१०० मध्ये त्या इतक्या नाजूक असतात की मॉडेलवर त्या दोषच वाटतात. एनसी रंगाचा स्प्रे पावसाळ्यात मारू नका. हवेतला ओलावा बसून रंग दुधाळ होतो.

पाय तोडण्याआधी, हल पाटावर घट्ट असतानाच, वॉटरलाइन आखून घ्या. ठरलेल्या उंचीच्या ठोकळ्यावर पेन्सिल बांधून ती पाटावरून हलभोवती फिरवा. एकदा सुटा झालेला हल परत इतका समपातळीत बसत नाही. मग खाचेवर पाय कापा, आतून सगळ्या लाकडाला इपॉक्सीचा एक पातळ हात द्या, आणि फ्रेममध्ये १० मिमीची भोकं पाडून ठेवा. डेक बसल्यावर आतली हवा कोंडली गेली तर उन्हाळ्यात सांधे उकलतात. शाफ्टच्या नळ्या, त्यांच्या ए आकाराच्या आधारपट्ट्या आणि तळाच्या वळणावरच्या बाजूच्या पट्ट्या बसल्याशिवाय डेक चिकटवू नका, कारण नंतर आत हात जात नाही.