एकतिसाव्या वर्षी पांढरा पट्टा बांधला त्याची गोष्ट

पीएचडीसाठी कोरियात देजॉनला आले तेव्हा वय एकतीस आणि लॅबमध्ये बसून बसून कंबर अशी धरायची की रात्री कूस बदलताना "आई गं" निघायचं. लहानपणी सांगलीत शाळेत चार वर्षं कराटे केलेलं, ब्राऊन बेल्टपर्यंत गेले, मग दहावी आली आणि दहावी आली की काय काय सुटतं ते तुम्हाला माहितीच आहे. म्हटलं आता कोरियात आलेच आहे तर तायक्वांदो शिकू. त्याची ही गोष्ट, इथे नवीन येणाऱ्या आणि तिकडे पुण्यात-नाशकात क्लास लावायच्या विचारात असलेल्या, दोघांसाठी.

पहिली गोष्ट, दोजांग म्हणजे तायक्वांदोचा क्लास शोधायला काहीच लागत नाही. प्रत्येक कॉलनीत एक-दोन असतातच, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, खाली चिकनचं दुकान नाहीतर ट्युशन. पण मी पहिल्या ठिकाणी गेले तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, मूल केवढं आहे? मूल नाही, मलाच शिकायचंय म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. तेव्हा कळलं की आपल्या डोक्यातला दोजांग आणि इथला दोजांग वेगळा. आईबाप दोघं नोकरीला, त्यामुळे पिवळी व्हॅन शाळेच्या गेटवरून पोरं उचलते, ती पोरं तासभर लाथा मारतात, दोरीवरच्या उड्या मारतात, खेळतात, मग व्हॅन घरी सोडते. म्हणजे क्लास, व्यायामशाळा आणि पाळणाघर तिन्ही एकात. तर मोठ्या माणसांनी आधी विचारायचं की 'सॉंगइनबु' आहे का, म्हणजे मोठ्यांची बॅच. मला तिसऱ्या ठिकाणी सापडली, आठवड्यातून तीन दिवस रात्री साडेआठला, आम्ही सहा जण. फी महिना १,४०,००० वोन, आपले साडेआठ हजारांच्या आसपास, दोबोक म्हणजे ड्रेस वेगळा.

पण बेसिक पक्कं होईपर्यंत पहिले दोन महिने मला संध्याकाळच्या पोरांच्या बॅचमध्ये उभं केलं. पट्टा पांढरा म्हणून सगळ्यात मागे, आणि पुढे दुसरीतली पोरं. ती मला 'इमो' म्हणायची, इमो म्हणजे मावशी. माझ्या शेजारी एक तिसरीतली मुलगी होती, तिचा पट्टा अर्धा लाल अर्धा काळा. १५ वर्षांखालच्यांना काळा पट्टा नाही, 'पूम' मिळतो, त्याचा तो रंग. ती मला दुरुस्त करायची. आरे मक्की, म्हणजे खालचा ब्लॉक, त्यात मूठ विरुद्ध खांद्यापासून सुरू व्हायला पाहिजे, तळव्याची बाजू तोंडाकडे, आणि खाली आल्यावर मांडीपासून थोडी वर थांबायला पाहिजे. माझी मूठ दर वेळी मांडीला चिकटायची. ती स्वतःच्या दोन मुठी एकावर एक ठेवून माझ्या मांडीवर मापून दाखवायची, आणि माप बसलं नाही की मान हलवायची, तोंडातून शब्द नाही. तिच्याएवढा कडक मास्तर मला नंतर मिळाला नाही.

आता मजा सांगते. पहिली पूमसे, ताएगुक इल जांग. पूमसे म्हणजे ठरलेल्या हालचालींची माळ, कराटेत जिला काता म्हणतात ती. डावीकडे वळा, खाली ब्लॉक, एक पाऊल पुढे, ठोसा. मी थबकलेच, कारण सांगलीत शिकलेल्या अगदी पहिल्या काताची सुरुवात हीच. फक्त तिथे पाय लांब टाकून गुडघा वाकवून खोल उभं राहायचं आणि इथे चालताना थांबल्यासारखं उंच. मी सवयीने खोल उतरायचे आणि साबोमनिम म्हणजे सर मागून येऊन पायानेच माझा पाय जवळ सरकवायचे.

आणि दोजांगच्या भिंतीवर मात्र मोठ्ठा बोर्ड, तायक्वांदो २००० वर्षं जुना, गोगुर्यो या जुन्या राज्याच्या थडग्यांतली चित्रं, शिल्ला राज्याचे ह्वारांग योद्धे वगैरे. मला हे काही पटेना म्हणून वाचायला घेतलं. आणि गोष्ट बोर्डपेक्षा कितीतरी इंटरेस्टिंग निघाली.

कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता. त्या काळात शिकायला जपानला गेलेली काही कोरियन पोरं तिथे कराटे शिकली. ली वोन-कुक हे त्यातलेच, गिचिन फुनाकोशी या जपानी गुरूंकडे शोतोकान हा कराटेचा प्रकार शिकले आणि १९४४ मध्ये सोलमध्ये चुंग-दो-क्वान काढलं. त्याच सुमारास मू-दुक-क्वान, सोंग-मू-क्वान अशी अजून 'क्वान' निघाली, आपल्याकडच्या तालमींसारखंच समजा, वस्ताद वेगळा, पद्धत वेगळी आणि एकमेकांशी पटणं अवघड. नावसुद्धा एक नव्हतं, कोणी तांगसूदो म्हणायचं कोणी कोंगसूदो, आणि तांगसू काय कोंगसू काय, 'कराटे' ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचेच कोरियन उच्चार. देश नवा स्वतंत्र झालेला, जपानचं नाव नको, तर १९५५ मध्ये जनरल चोई होंग-ही यांनी 'तायक्वांदो' पुढे आणलं. ताए म्हणजे पाय, क्वोन म्हणजे मूठ, दो म्हणजे मार्ग, आणि शिवाय तेक्क्योन या जुन्या कोरियन खेळाच्या नावाशी जुळणारं. चोई स्वतः जपानमध्ये कराटे शिकलेले. त्यानंतरही भांडणं होतीच, मध्ये काही वर्षं 'तेसूदो' नाव चाललं, १९६५ मध्ये परत तायक्वांदो झालं. चोईंनी १९६६ मध्ये आयटीएफ ही आंतरराष्ट्रीय तायक्वांदो संघटना काढली, १९७२ मध्ये ते कॅनडाला गेले, इकडे त्याच वर्षी सोलच्या गांगनाममध्ये कुक्कीवॉन म्हणजे तायक्वांदोचं मुख्यालय उभं राहिलं आणि १९७३ मध्ये दुसरी जागतिक संघटना निघाली जी आज वर्ल्ड तायक्वांदो म्हणून आहे. म्हणून आज दोन तायक्वांदो आहेत, आयटीएफवाले 'तुल' नावाच्या माळा करतात, एकूण २४, आणि कुक्कीवॉनवाले पूमसे. क्लास लावताना हे आधी विचारा, कारण एकात केलेलं दुसऱ्यात फारसं चालत नाही.

बोर्डवरची चित्रं खोटी नाहीत हां. गोगुर्योची थडगी आज काही चीनच्या तर काही उत्तर कोरियाच्या हद्दीत आहेत आणि तिथे समोरासमोर भिडलेली दोन माणसं खरंच रंगवलीत. पण ती लाथा मारतायत की कुस्ती खेळतायत की नाचतायत हे चित्रावरून कोण सांगणार. १७९० मध्ये राजा जोंगजोच्या काळात युद्धकलेचं एक सचित्र पुस्तक निघालं, त्यात २४ प्रकार आहेत आणि बिनहत्याराचा त्यात एकच, बाकी सगळं भाले, तलवारी, घोडा. ग्योंगजूला सोकगुरामच्या लेण्यात दाराशी हात उगारून उभे असलेले दोन रक्षक आहेत, त्यांच्याकडे बोट दाखवून गाईड म्हणतो हा बघा तायक्वांदोचा पवित्रा. मला तर ते बघून आपली बौद्ध लेणी आठवली, तिथेही दाराशी रक्षक उभे असतातच. त्यांना कोरियनमध्ये 'गुमगांग योकसा' म्हणतात, आणि गुमगांग हे 'वज्र' या आपल्या शब्दाचं भाषांतर. दुसऱ्या दानची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या दुसऱ्या पायरीची, एक पूमसे आहे तिचं नावही गुमगांगच. हा दुवा मला ह्वारांगपेक्षा जास्त खरा वाटतो.

खरी जुनी गोष्ट बघायची तर तेक्क्योन बघा. सोंग दोक-गी नावाचे म्हातारबाबा होते, १८९३ चा जन्म, त्यांच्यामुळे ती टिकली, १९८३ मध्ये कोरियन सरकारने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून दर्जा दिला आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. चुंगजूला मी एकदा बघितली. माणसं त्रिकोणात पावलं टाकत डुलत राहतात, एखाद्या लेझीमवाल्याला ताल मिळाल्यासारखी, आणि त्या डुलण्यातूनच लाथ येते. ते खोल उभं राहणं नाही, कडक ठोसे नाहीत. तायक्वांदोच्या पूमसेशी तिचं काही जुळत नाही. मॅच बघताना मात्र सारखी आठवते.

कारण मॅच म्हणजे क्योरुगी हा प्रकार पूमसेपासून पार वेगळा झालाय. अंगावर होगु म्हणजे छातीचं कवच बांधून पूर्ण ताकदीने मारायचं, डोक्यावर ठोसा चालत नाही, आणि पॉइंट लाथांना जास्त. ठोश्याला १, छातीवर लाथ २, डोक्यावर ३, गिरकी घेऊन मारली तर अजून २ जास्त. हिशेबच असा असेल तर हात खाली जाणार आणि पाय वर जाणार, यात नवल काय. ऑलिम्पिकमध्ये लंडनपासून, म्हणजे २०१२ पासून, होगुत सेन्सर आले, मग खेळाडू पुढचा पाय हवेत धरून तलवारबाजीसारखं टोचायला लागले. जुने लोक यावर फार चिडतात. मलाही बघायला कंटाळवाणं वाटतं, पण समोर कोणी तसा पाय धरून उभं राहिलं की आत कसं शिरायचं ते सुचत नाही हेही खरं.

आता गुडघ्याचं सांगते, कारण नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच. दोल्ल्यो चागी, गोल फिरणारी लाथ. सगळ्यांचं लक्ष मारणाऱ्या पायाकडे, पण खरं काम टेकलेल्या पायाचं. आधी गुडघा समोर वर घ्यायचा, मग टेकलेला पाय चवड्यावर असा फिरवायचा की टाच टार्गेटकडे जाईल, त्याने कंबर उघडते, मग पाय सुटतो, आणि लागतो तो पावलाचा वरचा भाग. मी कराटेवाली, मला येतंय असं समजून चालले होते, तळपाय मॅटला चिकटलेला ठेवून कंबर तेवढी फिरवायचे. म्हणजे वरचं शरीर डावीकडे आणि गुडघा जागेवर. पाचव्या आठवड्यात गुडघा भाकरीसारखा फुगला, तीन आठवडे लॅबमध्ये पाय खुर्चीवर. साबोमनिम आधीपासून 'पाय फिरव' सांगत होते, मीच ऐकत नव्हते. परत आल्यावर महिनाभर भिंतीला हात टेकून नुसती टाच फिरवायची, लाथ मारायचीच नाही. हाना, दुल, सेत, नेत, म्हणजे एक, दोन, तीन, चार. बोअर होतं. करा.

पट्ट्याचं. इथे वर्ष-सव्वा वर्षात पहिला दान मिळणं कॉमन आहे, आपल्याकडे ऐकून लोक म्हणतात विकत घेतला का. खरी चाळण पुढे आहे, पहिल्यानंतर दुसऱ्याला किमान १ वर्ष, तिसऱ्याला २, चौथ्याला ३, असं वाढत जातं. भारतात शिकत असाल तर क्लासवाल्याला एकच प्रश्न विचारा, दान सर्टिफिकेट कुक्कीवॉनचं आहे का, कारण त्यावर नंबर असतो आणि तो त्यांच्या वेबसाइटवर बघता येतो. "आमचंच सर्टिफिकेट इंटरनॅशनल आहे" असं उत्तर आलं तर पैसे द्यायच्या आधी चहा घेऊन या आणि विचार करा.

माझी परीक्षा झाली चौदाव्या महिन्यात, एका शाळेच्या जिममध्ये, शंभरेक पोरं आणि मी. दोन पूमसे, थोडी क्योरुगी, दहा मिनिटांत संपलं. पट्ट्यावर हंगुल म्हणजे कोरियन लिपीत नाव शिवून देतात, त्यासाठी काउंटरवरच्या बाई माझं आडनाव तीनदा म्हणवून घेत होत्या. माझ्या आडनावात 'ळ' आहे, तो हंगुलात नाहीच. पट्टा आला तर त्यावर 'ल'. त्या तिसरीतल्या मुलीने, ती आता चौथीत होती, अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्याने वाचलं, मी म्हटलं असं नाही, 'ळ', जीभ मागे. तिने पाच-सहा वेळा प्रयत्न केला. या वेळी मान मी हलवली.