बोल्टच्या डोक्याला सेफ्टी वायरसाठी भोक पाडताना

सेफ्टी वायर म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातील भोकातून ओवून बांधलेली तार. घरी बांधलेल्या विमानासाठी डोक्याला भोक असलेले एएन बोल्ट (विमानांसाठीच्या प्रमाणित मापांचे बोल्ट) तयार मिळतात; शक्य तिथे तेच घ्यावेत. स्वतः भोक पाडायचेच असेल, तर सुरक्षा चष्मा लावून बोल्ट जिगमध्ये (त्याला जागेवर धरणाऱ्या साच्यात) घट्ट आवळावा, सेंटर पंचने खूण करावी आणि १.५ मिलिमीटरचे कोबाल्ट ड्रिल कमी वेगाने, कटिंग ऑइल सोडत, एकसारखा दाब ठेवून चालवावे, कारण नुसते घासत राहिलेले ड्रिल बोथट होते आणि बारीक असल्याने सहज तुटते. पलीकडे निघताना दाब हलका करावा. भोकाच्या कडा मात्र अवश्य गुळगुळीत कराव्यात, नाहीतर इंजिनाच्या कंपनांत ०.०३२ इंची तार त्या धारेवर झिजून तुटू शकते. तार बोल्टला आवळण्याच्या दिशेनेच ओढेल अशी बांधावी.