आंधळ्या पिल्लाच्या डोळ्यांचं ऑपरेशन: घरच्यांनी करायची तयारी

मोतीबिंदूमुळे दिसत नसलेल्या पिल्लाचं ऑपरेशन डॉक्टर एका सकाळी उरकतात. पुढचे सहा-आठ आठवडे मात्र घरच्यांचे असतात, आणि डोळा टिकतो की जातो हे बऱ्याच अंशी त्या आठवड्यांत ठरतं. म्हणून ही तयारी आदल्या दिवशी करायची नाही. तारीख ठरली की, खरं तर त्याच्याही आधी, सुरू करायची. डोळा दुखत नसताना पिल्लू जे शिकलेलं असतं, तेच डोळा दुखत असताना त्याच्याकडून करून घेता येतं. आमची चिंगी गावठी, रस्त्याकडेच्या टेम्पोखाली सापडलेली, दोन्ही बाहुल्या दुधाळ पांढऱ्या. तिच्या वेळी जे जे लागलं आणि जे आधीच हाताशी असल्यामुळे निभावलं, ते क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी ऑपरेशनचा उपयोग होणार आहे का, हे नक्की करून घ्या. डोळा पांढरा दिसला म्हणजे मोतीबिंदूच असेल असं नाही. बुबुळाला जखम झाली, सूज आली तरी डोळा धुरकट किंवा निळसर दिसतो. आईविना वरच्या दुधावर वाढलेल्या पिल्लांना काही अमिनो आम्लं कमी पडल्यामुळेही मोतीबिंदू होऊ शकतो, आणि त्यातला काही आहार सुधारल्यावर निवळतो. म्हणून पिल्लू काय पिऊन वाढलं हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. मोतीबिंदू आहे, म्हणजे डोळ्यातलं भिंग पांढरं झालंय, हे ठरलं की पुढचा प्रश्न डोळ्याच्या मागच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा. पांढऱ्या भिंगातून आत डोकावता येत नाही, म्हणून सोनोग्राफीने पडदा जागेवर आहे का ते बघतात आणि ईआरजी नावाच्या तपासणीने तो पडदा उजेडाला विजेचा प्रतिसाद देतो का ते मोजतात. या दोन तपासण्यांशिवाय कोणी थेट ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पडदाच काम करत नसेल तर भिंग काढून पिल्लाला काहीही मिळणार नाही, भूल आणि वेदना तेवढ्या मिळतील. तसा निकाल आला तर खचू नका. न दिसणारी कुत्री नाकाने आणि कानाने घर पाठ करतात आणि मजेत जगतात. पण तिथेही डॉक्टरांकडे जाणं सुटत नाही. पिकलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यात सूज येत राहते, काचबिंदूही होऊ शकतो, आणि तो दुखतो.

निकाल चांगला आला तर उगाच महिने घालवू नका. पिल्लाचे डोळे जन्मानंतर दहा ते चौदा दिवसांत उघडतात आणि बघायचं कसं हे मेंदू त्यानंतरच्या काळात शिकत असतो. मात्र भूल झेपण्याइतकं वजन आणि ताकद यायला हवी, तेव्हा नेमकं वय डॉक्टरच ठरवतील.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. ऑपरेशन फेको पद्धतीने करणार का? 1967 मध्ये चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरांनी माणसांसाठी काढलेली ही रीत आज कुत्र्यांसाठीही वापरतात. बारीकशा छेदातून सुई आत घालून ध्वनिलहरींनी भिंगाचा गर फोडतात आणि ओढून घेतात, द्राक्षाची साल तशीच ठेवून आतला गर काढावा तसा. मागे राहिलेल्या त्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवणार का, हेही विचारा. माणसाचं भिंग कुत्र्याला चालत नाही, कुत्र्याला साधारण 41 डायऑप्टरचं लागतं, म्हणजे माणसाच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचं. ते मागवावं लागत असेल तर किती आधी सांगायचं ते विचारून ठेवा. भिंग बसवता आलं नाही तरी पिल्लाला दिसेल, पण जवळचं पुसट दिसेल. भूल देणारे डॉक्टर वेगळे असतील का हेही विचारा. डोळा समोर स्थिर राहावा म्हणून स्नायू ढिले करणारं औषध बरेचदा देतात, तेव्हा श्वास यंत्रावर द्यावा लागतो, आणि त्यासाठी लक्ष ठेवणारा माणूस वेगळाच हवा. दोन्ही डोळे एकाच भुलीत होतील का? पहिल्या रात्री तिथे माणूस असतो का? आणि रात्री अडीच वाजता डोळा लाल झाला तर फोन कोणी उचलायचा? पैशांचं बोलताना फक्त ऑपरेशनचा आकडा ऐकून निघू नका. तपासण्या, भिंग, पुढचे कित्येक महिने लागणारे ड्रॉप्स आणि प्रत्येक फेरतपासणी धरून एकूण विचारा. खासगीत झेपत नसेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यविभागात ही सोय आहे का, याची चौकशी करा.

डोळ्याआधी बाकीचं शरीर ठीक करायचं. लसी आणि जंताचं औषध वेळेवर. रक्ताच्या तपासणीत आपल्याकडे गोचीडताप आवर्जून बघायला सांगा, विशेषतः पिल्लू रस्त्यावरचं असेल तर. त्यात प्लेटलेट्स उतरतात, डोळ्यात रक्त उतरू शकतं, डोळा आतून सुजू शकतो. कातडीला खाज असेल, कान वाहत असेल तर तेही आधी बरं करा, कारण खाजवणारा पंजा कानावरून डोळ्यावर यायला वेळ लागत नाही.

आता शिकवणी, जिला सगळ्यात जास्त वेळ द्या.

गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कोन तारखेच्या दोनेक आठवडे आधीच घरी आणा. आधी नुसता जमिनीवर ठेवा, आत खाऊ टाका, नाक घालू दे. मग क्षणभर गळ्यात, मग जेवणापुरता, मग झोपेपर्यंत. न दिसणारं पिल्लू मिशांनी आणि नाकाने वाट काढतं आणि कोन नेमकं तेच बंद करतो. पहिल्यांदा घातल्यावर चिंगी जागच्या जागी थिजली होती, कोनाची कड दाराला घासली की तो आवाज तिच्या कानात घुमायचा. रोज थोडं थोडं केल्यावर ती तीच कड भिंतीला टेकवून चालायला शिकली. कोनाची लांबी नाकाच्या टोकापुढे थोडी येईल इतकी हवी, नाहीतर पंजा पोचतोच.

थेंबांचा सरावही असाच. रिकाम्या बाटलीने सुरुवात करा. पिल्लाला मांडीच्या मध्ये, तुमच्याकडे पाठ करून बसवा. डावा तळवा हनुवटीखाली, उजव्या हाताचा तळवा डोक्यावर टेकवून अंगठ्याने वरची पापणी हलकी मागे, बाटली डोक्याच्या मागून पुढे आणायची. समोरून येणाऱ्या हाताला पिल्लू मान फिरवतं. दर वेळी हात लावायच्या आधी एकच शब्द ठरवून बोला, आम्ही “डोळा” म्हणायचो, आणि झाल्याबरोबर उकडलेल्या चिकनचा तुकडा. मग डॉक्टरांना विचारून साध्या कृत्रिम अश्रूंचे थेंब घालून बघा. गळपट्टा याच काळात काढून टाका आणि छातीचा हार्नेस घाला, कारण गळ्यावर ताण आला की डोळ्यातला दाब वाढतो. क्रेटमध्ये शांत बसायला, हाक मारली की थांबायला, “पायरी” म्हटलं की पाय उचलायला शिकवा. दिसायला लागल्यावर या शब्दांचं काय काम, असं वाटेल. पण पहिले काही दिवस दिसतं ते धूसर असतं, त्यात डोक्याभोवती कोन, आणि तेव्हा पिल्लू तुमच्या आवाजावरच विसंबणार आहे.

घरात एक कोपरा ठरवा आणि तो पुढे हलवू नका. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो, तिथे रबरी पाठीची सतरंजी किंवा योगाची चटई टाका. टेबलाचे कोपरे, कपाटाच्या किल्ल्या, कुंडीतल्या काटेरी फांद्या, पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीला जे जे येतं ते बसून, खाली वाकून बघा. जिन्याला फळी लावा. पाण्याचं भांडं जड आणि कोनात मावेल इतकं अरुंद घ्या, पाटावर ठेवलं तर मान फार वाकवावी लागत नाही. धूप, अगरबत्ती, मच्छरची कॉइल, फोडणीचा ठसका यांपासून कोपरा लांब हवा. झाडू मारायच्या वेळी पिल्लू दुसऱ्या खोलीत. खिडकीला जाड पडदा लावा, कारण बाहुली मोठी ठेवणारं औषध चालू असेल तर उजेड सहन होत नाही.

तारीख निवडताना कॅलेंडर उघडून बसा. दिवाळीच्या फटाक्यांत, विसर्जनाच्या ढोलताशांत, घरात लग्न किंवा रंगकाम असताना हे करू नका. पहिले दोन आठवडे दिवसभर कोणीतरी घरी पाहिजे. घरात एकटेच असाल तर दुपारचे थेंब घालायला शेजारच्या काकू किंवा कॉलेजातला भाचा आधीच तयार करा, आणि त्यांच्याही मांडीत पिल्लाला दोनचार वेळा बसवून बघा. घरात दुसरं कुत्रं किंवा मांजर असेल तर त्यांची वेगळी सोय लावा. प्रेमाने मारलेला पंजाही टाक्यांना चालत नाही.

आदल्या रात्री किती वाजता जेवण बंद करायचं, हे डॉक्टरांना तासाच्या हिशेबात विचारा. मोठ्या कुत्र्याचा नियम लहान पिल्लाला लावायचा नाही. फार वेळ उपाशी राहिलं तर त्याच्या रक्तातली साखर उतरते. ऑपरेशनआधीचे थेंब सांगितले असतील तर एकही चुकवू नका. येण्याजाण्याला शक्यतो गाडी सांगा, रिक्षाच असेल तर पिल्लू मांडीवर सैल न घेता पेटीत, खाली जाड गोधडी घालून. तुमचा वास असलेली जुनी ओढणी सोबत द्या.

घरी आणताना औषधांची पिशवी तिथेच उघडून प्रत्येक बाटली कशाची, किती वेळा, कधीपर्यंत, हे समजून घ्या आणि बाटल्यांना वेगवेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावा. फ्रिजवर तक्ता चिकटवा, थेंब घातला की लगेच खूण करा. दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटं सोडा, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. मलम सगळ्यात शेवटी. बाटलीवर हलवायला सांगितलं असेल तर खरोखर हलवा, सूज उतरवणारं औषध तळाशी बसलेलं असतं. टोक डोळ्याला लागू देऊ नका. आणि घरातल्या कुणाचे उरलेले ड्रॉप्स कधीही घालू नका. बुबुळाला जखम असताना स्टेरॉइडचा थेंब गेला तर डोळा फुटण्यापर्यंत गोष्ट जाते. पिल्लू बरं दिसतंय म्हणून आपल्या मनाने औषध बंद करणं तितकंच वाईट, कारण आतली सूज बाहेरून कळत नाही.

डॉक्टरांना ताबडतोब फोन करायच्या खुणा तक्त्याच्या खाली मोठ्या अक्षरात लिहा: डोळा मिटून धरणं, लाली वाढणं, बुबुळ निळसर किंवा ढगाळ होणं, पिवळा-हिरवा चिकटा, डोळा जमिनीला घासणं, जेवण सोडून कोपऱ्यात पडून राहणं, आणि दिसायला लागलेलं पिल्लू पुन्हा धडकायला लागणं. दाब वाढण्याची भीती पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त असते, पण पडदा सुटणं किंवा काचबिंदू नंतरही होऊ शकतो. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नका.

पिल्लाला शांत ठेवणं हे थेंबांपेक्षाही अवघड आहे, कारण त्याला बरं वाटायला लागतं आणि उड्या माराव्याशा वाटतात. ओढाओढी, खेळणं तोंडात धरून झटकणं, सोफ्यावरून उडी, बेल वाजली की दाराकडे धाव, सगळं बंद. त्याऐवजी नाकाला काम द्या. पंच्यात गुंडाळलेला खाऊ, मऊ भात-चिकन भरून गोठवलेलं रबरी खेळणं चाटायला. दात येत असतात, चावायला मागेल, पण हाड किंवा कडक काही देऊ नका. शी-शूसाठी हार्नेस घालून दोरीवरच न्या.

आणि दिसणं हे पिल्लासाठी नवं आहे, हे पाहुण्यांनाही सांगून ठेवा. चिंगी पहिल्यांदा जमिनीवरच्या पंख्याच्या फिरत्या सावलीला घाबरली, मग तिच्यावर भुंकली, मग बराच वेळ नुसती मान तिरकी करून बघत बसली. माझा चेहरा तिला ओळखू आला नाही. मी बोलले तेव्हा शेपूट हलली. म्हणून आधी आवाज द्या, वास घेऊ द्या, मग समोर या. गर्दी करून फोटो काढायला कोणी येणार असेल तर नंतर या म्हणून सांगा. पायऱ्यांची खोली तिला फार उशिरा कळली, तोवर “पायरी” हा शब्दच कामाला आला.

फेरतपासण्या बहुधा दुसऱ्याच दिवशी, मग आठवड्याने, मग अंतर वाढवत जातात. पुढच्या तारखा मिळतील तशा कॅलेंडरवर लिहा आणि डोळ्याच्या दाबाचे आकडे प्रत्येक वेळी वहीत उतरवून घ्या, म्हणजे डॉक्टर बदलले तरी मागचा हिशेब हाती राहतो. वर्षातून काही वेळा दाब मोजणं जन्मभराचं आहे. कोन डॉक्टरांनी सांगितल्यावरच काढायचा. आंघोळही तशीच, आणि तोवर ओल्या फडक्याने अंग पुसायचं, तोंड सोडून. सोसायटीतल्या बाकी कुत्र्यांबरोबरची दंगामस्ती सगळ्यात शेवटी, तीही आधी एकाच शांत, वयस्कर कुत्र्याबरोबर.